कष्ट दोघांचेही, पैसा एकाकडे

"हुशार आहेस, कष्ट कर, पैसा आपोआप येईल," असं आपण जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगतो. मीही सांगत आलो. पण हे कितपत खरं? त्यासाठी आपल्याच दोन माणसांचा इतिहास पाहू या.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा, दादासाहेब फाळक्यांचा १८७० चा. तरुणपणी दोघंही मुंबईच्या जे. जे. कला शाळेत शिकले. दोघांच्याही हातात कसब, डोक्यात यंत्रांचं वेड.

लक्ष्मणरावांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, पुढे लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन नासते, असं शेतकरी म्हणायचे. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली! त्यात कारखान्याची जागाही सोडायची वेळ आली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. कुंडलजवळचा माळ मिळाला, कर्जही मिळालं आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली.

फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली लंडन गाठलं, कॅमेरा आणला. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक रांधला, फिल्मला भोकं पाडायलाही त्याच बसल्या. ३ मे १९१३ रोजी गिरगावात 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि चालला. पुढे नाशिकला भागीदारांबरोबर कंपनी काढली. पण मतभेद झाले. १९३१ मध्ये चित्रपट बोलू लागला आणि मूकपटांचा बाजारच उठला. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १९४४ साली नाशिकला ते गेले, तेव्हा हाती फारसं काही उरलं नव्हतं. आज त्यांच्या नावाचा पुरस्कार हा चित्रपटसृष्टीतला सर्वोच्च मान!

आता सांगा, फाळके कष्टात कमी पडले की हुशारीत? माझ्या मते कशातच नाही. नांगर एकदा पटला की तोच पुन्हा पुन्हा विकता येतो. चित्रपटाला दर वेळी नवं भांडवल लागतं. एकाला अडचणीच्या वेळी राजा भेटला, दुसऱ्याचा धंदाच काळाने बदलला. पण कष्ट नसते तर राजाने तरी माळ कोणाच्या भरवशावर दिला असता? म्हणजे कष्ट हवेतच, फक्त तेवढ्यावर हिशोब पुरा होत नाही.

आपलंच पाहा ना. पंचवीस वर्षांपूर्वी आपण ब्लॉक घेतले. आज त्यांची किंमत ऐकून छाती फुगते; पण ती काही आपल्या हुशारीने वाढलेली नाही. तेव्हा पैशांची जुळवाजुळव न झाल्याने मागे फिरलेला माझा एक मित्र माझ्यापेक्षा जास्त राबला आणि अजून भाड्याने राहतो. त्याच्यासमोर "कष्टाचं फळ" हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही.

म्हणून मुलांना कष्ट करायला जरूर सांगू या. पण कुणाकडे पैसा नाही म्हणून तो कमी पडला, असं मात्र त्यांच्यासमोर कधी म्हणू नये.