नाव कोणी बांधली?

शाळेच्या ग्रंथालयात मुलांना साहसकथा द्याव्यात की देऊ नयेत, हा प्रश्न वरवर पाहता शिक्षकांचा आणि ग्रंथपालांचा आहे. त्यावर कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने बोलावे याचे कोणाला नवल वाटेल. पण संघटनेच्या कचेरीत विशी-बाविशीचा तरुण येतो, नेमणुकीचे पत्र पुढे करतो आणि म्हणतो, ''भाऊ, यात काय लिहिलंय तेवढं सांगा,'' तेव्हा हा प्रश्न आमच्या दारात येऊन उभा राहतो. हा तरुण सात-आठ इयत्ता शिकलेला असतो. अक्षरे त्याला येतात, पण चार ओळींच्या पुढे वाचीत जाण्याची सवय त्याला लागलेली नसते. ती ज्या वयात लागते त्या वयात त्याच्या हाती काय पडले, हे विचारले तर उत्तर बहुधा एकच मिळते : पाठ्यपुस्तक, आणि तेही परीक्षेपुरते.

आमची स्वतःची शाळा लवकर सुटली. उरलेले शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. त्या अनुभवावरून आमचे असे मत बनले आहे की, पान उलटण्याची ओढ मुलाला साहसकथेइकी दुसरे कोणतेही पुस्तक लावीत नाही. मात्र त्या कथांपैकी कोणती द्यावी आणि देताना काय सांगावे, याचा विचार व्हायला हवा. त्यासाठी थोडे मागे जाऊन पाहू.

मराठीत मुलांसाठी छापलेले वाङ्मय सुरू झाले ते उपदेशापासून. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरच्या सरफोजीराजांच्या आश्रयाने 'बालबोध मुक्तावली' निघाली, ती इसापच्या नीतिकथांची. पुढे इंग्रजी अमलात शाळा वाढल्या, क्रमिक पुस्तके आली आणि गोष्टीच्या शेपटाला तात्पर्य बांधण्याची रीत पक्की झाली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस गोष्टी मराठीत आणावयास घेतल्या, तेव्हा कोठे सिंदबादचे गलबत आपल्या घरांत शिरले. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपट्यांनी 'आनंद' मासिक काढले. १९५१ मध्ये भा. रा. भागवतांनी 'बालमित्र' सुरू केले. याच भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कथा मराठीत आणल्या आणि फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवर बसवून घरोघर पाठविला.

दुसरीकडे बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा लोक फडशा पाडल्यासारख्या वाचीत होते. त्यांतील झुंजार आणि काळा पहाड चाळीचाळींतून पोरांना ठाऊक होते. शाळेच्या कपाटात मात्र त्यांना जागा नव्हती. अशी पुस्तके वाचून पोरे बिघडतात, हा जुना आक्षेप. आमचा उलट अनुभव असा आहे की, संघटनेचे पत्रक शेवटपर्यंत वाचणारे अनेक जुने कामगार हे पूर्वीचे अर्नाळकरांचे वाचक निघतात. ज्याला गोष्टीच्या लोभाने शंभर पाने वाचायची सवय झाली, त्याला पुढे करारनाम्याची दहा पाने जड जात नाहीत.

परदेशातला एक दाखला येथे सांगण्याजोगा आहे. रशियातील थोर लेखक माक्सीम गॉर्की लहानपणी व्होल्गा नदीवरील आगबोटीत भांडी घासण्याच्या कामाला होता. त्या बोटीवरच्या स्मूरी नावाच्या आचाऱ्याजवळ पुस्तकांनी भरलेली पेटी होती. कामातून सवड मिळाली की तो या पोराला बसवी आणि मोठ्याने वाचावयास लावी. पेटीतली सगळीच पुस्तके काही उत्तम नव्हती. बरीचशी तर पोराला कळतही नव्हती. पण वाचनाची गोडी तेथे लागली. त्या आचाऱ्याचे ऋण गॉर्कीने आपल्या आत्मकथनात मोकळेपणाने मानले आहे. पुढे याच गॉर्कीला ज्यांनी गुरुस्थानी मानले ते आमचे अण्णा भाऊ साठे. शाळा त्यांना जवळजवळ मिळालीच नाही. मुंबईत त्यांनी गिरणीत काम केले. आणि १९५९ मध्ये 'फकिरा' लिहिली. भुकेल्या गावासाठी धान्य लुटणारा आणि इंग्रज सत्तेशी झुंजणारा तो वीर म्हणजे मराठीतील अस्सल साहसनायक होय. नववी-दहावीच्या मुलांसाठी ही कादंबरी प्रत्येक शाळेच्या कपाटात असली पाहिजे.

आता निवडीविषयी. 'रॉबिन्सन क्रूसो' १७१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत एक प्रसंग आहे. बेटावर एकटा पडलेला क्रूसो एक प्रचंड झाड तोडतो, महिनोन् महिने खपून त्याची नाव कोरतो आणि मग त्याच्या ध्यानात येते की, एवढे धूड पाण्यापर्यंत ओढून नेणे एकट्याच्या बळाबाहेरचे आहे. नाव जागच्या जागी पडून राहते. योजनेवाचून केलेले कष्ट आणि सोबत्यावाचून केलेले काम यांचा याहून चांगला धडा आम्ही कोणत्याही अभ्यासवर्गात ऐकलेला नाही. पण त्याच पुस्तकात क्रूसो फ्रायडेचा जीव वाचवितो आणि आपले नाव म्हणून त्याला 'मालक' हा शब्द शिकवितो. त्याचे जहाज फुटले तेही गुलाम आणावयास निघालेल्या सफरीत. म्हणून पुस्तक काढून टाकावे काय? आम्ही म्हणू, नको. ते द्यावे आणि परत घेताना मुलाला विचारावे, 'फ्रायडेने ही गोष्ट सांगितली असती तर कशी सांगितली असती?'

व्हर्नचे 'गूढ बेट' १८७४-७५ मधले. त्यात पाच माणसे आणि एक कुत्रा रिकाम्या हातांनी बेटावर येऊन पडतात आणि विटा भाजण्यापासून लोखंड गाळण्यापर्यंत सारे स्वतः करतात. येथे नायक एक नाही, टोळी आहे. आणि पाणबुडीचा तो गूढ कप्तान नेमो म्हणजे बुंदेलखंडाचा राजपुत्र, १८५७ च्या संग्रामात इंग्रजांशी लढलेला, हे याच पुस्तकात उलगडते. आपल्या मुलांना हे आवर्जून सांगावे.

परंतु आम्हांस एकच कथा निवडावयास सांगितली, तर आम्ही कल्पित कथा न निवडता घडलेली निवडू. शॅकल्टनची दक्षिण ध्रुवाकडील मोहीम १९१४ मध्ये निघाली. 'एन्ड्युरन्स' जहाज बर्फात अडकले, चिरडले गेले आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये बुडाले. अठ्ठावीस माणसे बर्फावर उघडी पडली. त्यांत हॅरी मॅकनिश नावाचा सुतार होता. डिसेंबरात बर्फावरून जड नावा ओढीत नेण्याचा हुकूम झाला, तेव्हा हा सुतार अडून बसला. त्याचे म्हणणे असे : आमचा करार जहाजाशी होता, जहाज बुडाले, करार संपला, आता हुकूम कसला? शॅकल्टनने सर्वांना जमवून बजावले की, करार चालू आहे आणि परत पोहोचेपर्यंत पगार मिळेल. सुतार पुन्हा कामाला लागला. ज्या नावा तो ओढीत होता त्या पुढे निर्जन एलेफंट बेटापर्यंत सगळ्यांना घेऊन गेल्या, हेही मुलांना सांगितले पाहिजे. पुढाऱ्याची बाजू खोटी नव्हती, सुताराचीही नव्हती.

एलेफंट बेटावरून मदत आणण्यासाठी २४ एप्रिल १९१६ रोजी सहा माणसे निघाली. जवळपास बावीस फूट लांबीची उघडी नाव आणि जगातील सर्वांत खवळलेला समुद्र. ती नाव तगावी म्हणून मॅकनिशने खोक्यांच्या फळ्या, गलबताचे तुटके सामान आणि कापड यांनी तिच्यावर आच्छादन चढविले. फटी दिव्याच्या वातींनी, चित्रकाराच्या रंगांनी आणि सीलच्या रक्ताने बुजविल्या. सुमारे १३०० किलोमीटर कापून १० मे रोजी ती साउथ जॉर्जियाला लागली. ३० ऑगस्टला मागे राहिलेले बावीसही जण सुखरूप सुटले.

मोहिमेतील बहुतेकांना ध्रुवपदक मिळाले. चौघांना नाकारण्यात आले, आणि त्यांत हा सुतार होता. १९३० मध्ये न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथे तो विपन्नावस्थेत वारला. मोहिमेत त्याची एक लाडकी मांजर होती. जहाज गेल्यावर शॅकल्टनच्या हुकमाने तिला गोळी घातली होती, ते त्याने कधीच विसरले नाही. २००४ मध्ये त्याच्या थडग्यावर त्या मांजराची काशाची प्रतिमा बसविण्यात आली. २०२२ मध्ये समुद्राच्या तळाशी, ३००० मीटर खोलीवर, 'एन्ड्युरन्स'चे अवशेष सापडले, तेव्हा जगभर शॅकल्टनचे नाव पुन्हा गाजले. गाजावे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. आपल्या जहाजावरची सगळी माणसे जिवंत परत आणणारा तो पुढारी होता. पण मुलांना आम्ही एवढेच विचारावयास शिकवू : नाव कोणी बांधली? हा प्रश्न साहसकथा वाचताना ज्याच्या मनात येऊ लागला, तो मोठेपणी इमारतीच्या कोनशिलेवरचे नाव वाचूनही तोच प्रश्न विचारील.

आता व्यवहाराकडे वळू. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून गावोगाव फिरत्या पुस्तकपेट्या पाठविण्याची व्यवस्था केली. शंभर वर्षांपूर्वी जे बैलगाडीच्या जगात साधले, ते आज साधू नये काय? ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत, हा डॉ. रंगनाथन यांच्या १९३१ मधील पंचसूत्रीचा पहिलाच नियम. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे स्पष्ट लिहिले आहे. तरीही अनेक शाळांतून कपाट असते, कुलूप असते आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात असते. पुस्तक हरवले तर भरून कोणी द्यावयाचे, ही धास्ती त्यामागे असते. ती खोटी नाही. पण तिचा उपाय कुलूप हा नव्हे. दरवर्षी काही पुस्तके फाटतील आणि हरवतील असे धरूनच खर्च मांडावा.

आमच्या सूचना थोड्या आहेत. शनिवारी कपाट उघडावे आणि पुस्तक घरी न्यावयास द्यावे. वाटप मुलांकडेच सोपवावे. नोंदवही लिहिताना त्यांना हिशेबही येईल. मुलींना साहसकथा आपण होऊन पुढे कराव्यात, कारण त्या मागतीलच असे वातावरण आपण ठेवलेले नाही. पुस्तक परत आल्यावर सारांश लिहून घेऊ नये, एक प्रश्न विचारावा आणि दुसरे पुस्तक हाती द्यावे. आणि आपल्यापैकी ज्यांची मुले शाळेत आहेत, त्यांनी पालकसभेत गुणांची चौकशी करण्यापूर्वी कपाटाच्या किल्लीची चौकशी करावी.