बांधणाऱ्यांचे ऋण



भोपाळचा मोठा तलाव ही निसर्गाची देणगी नव्हे. ते बांधकाम आहे. अकराव्या शतकात राजा भोजाने कोलांस नदीला मातीचा बांध घालून तो निर्माण केला, अशी परंपरा आहे. त्याच बांधाखाली १७९४ मध्ये धाकटा तलाव झाला. बांधणाऱ्यांनी शहराला पाणी दिले. आज मात्र बांधकामाच्याच पायी त्या पाण्याला धोका आहे, हे मला येथे सांगावयाचे आहे.

पायासाठी उकरलेली माती, विटांचे तुकडे, सिमेंट उघड्यावर पडून राहिले की पहिल्याच पावसात नाल्यावाटे तलावात उतरतात. बारीक माती पाणी गढूळ करते आणि तळाशी बसून साठवण घटविते. सिमेंटचे धुवण अल्कधर्मी असते. ते माशांना सोसत नाही.

१९९५ मध्ये जपानच्या अर्थसाहाय्याने सुरू झालेल्या भोज पाणथळ प्रकल्पात गाळ उपसण्याचे काम झाले. २००२ मध्ये हे तलाव रामसर यादीत आले. २०१६ मध्ये केंद्र सरकारने राडारोड्यासंबंधी स्वतंत्र नियम केले आणि त्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर टाकली.

या इतिहासातून मी एकच बोध घेतो. साचलेला गाळ उपसण्यास वर्षे लागतात. तो जागीच अडविण्यास ढिगावर ताडपत्री, भोवती मातीचा लहान बांध आणि उताराच्या टोकाशी गाळ बसण्यापुरता खड्डा पुरतो. पूर्वजांनी बांध घालून पाणी अडविले. आपण निदान आपल्या दारची माती अडवावी.