प्रकाशाचं क्रॉसिंग

आमच्या नगरवरून जाणारा दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. मार्ग वर्षानुवर्षं एकेरी होता, त्यामुळे समोरून गाडी आली की एकीने स्टेशनात बाजूच्या रुळावर थांबायचं. या ‘क्रॉसिंग’वर पिढ्यान्‌पिढ्या वैतागल्या. पण एका रुळावर दोन्हीकडून गाड्या चालवायच्या, तर थांबायला जागा हवीच की!

इंटरनेटचंही तसंच. दोन पॅकेटांना एकाच वेळी एकच वाट हवी असेल, तर एक राउटरच्या मेमरीत थांबतं. पण त्यासाठी फायबरमधल्या प्रकाशाची आधी वीज करावी लागते, मग पुन्हा प्रकाश. १९९० च्या दशकात संशोधकांना वाटलं, ही मधली वीज काढूनच टाकू. युरोपात ‘कीऑप्स’ प्रकल्प झाला. अडचण एकच, प्रकाश थांबत नाही!

मग फायबरची वेटोळी आली. १० गिगाबिटच्या वेगाला १५०० बाइटचं पॅकेट त्याच्या स्वतःच्या लांबीएवढं मागे ठेवायलाही सुमारे २४० मीटर फायबर लागते. शिवाय वाट लवकर मोकळी झाली तरी वेटोळं पुरं करावंच लागतं. दुसरा उपाय, प्रकाशाचा रंग बदलून त्याच फायबरमधून पाठवायचं. तिसरा, पॉल बॅरन यांचा १९६४ चा ‘गरम बटाटा’: हातात धरू नका, मोकळ्या वाटेने ढकला. म्हणजे दौंडची गाडी मनमाडला कल्याणवरून!

१९९९ मध्ये लेने हाऊ यांनी प्रकाश सेकंदाला १७ मीटरवर आणला, अगदी पॅसेंजरच्या वेगाला. पण त्यासाठी अतिथंड सोडियमचे अणू लागले. ते राउटरमध्ये कसे ठेवणार?

म्हणून आजही तुमचं-माझं पॅकेट वाटेत वीज होऊनच थांबतं. वेगाची कमतरता कधीच नव्हती, बाजूचा रूळ नव्हता.