सटवाई : देवकुटुंब आणि ललाटलेख

सटवाई (सटवी, सटी, षष्ठी). नवजात बाळाच्या कपाळी त्याचे भाग्य लिहिणारी, बाळाला राखणारी आणि कोपल्यास पीडणारी महाराष्ट्रातील लोकदेवता. कोकणातून व घाटावरून गिरणीच्या कामाला आलेल्या कुटुंबांबरोबर तिची पूजा मुंबईच्या परळ-लालबागमधील चाळींत आली. गिरगाव-दादरच्या जुन्या घरांतही ती होते.

पूजाविधी. बाळंतपणानंतर पाचव्या रात्री ‘पाचवी’ आणि सहाव्या रात्री ‘सटी’ पुजतात. काही घरांत दोन्हींपैकी एकच. पाटा-वरवंटा मांडून हळद-कुंकू वाहतात. शेजारी कोरा कागद, लेखणी आणि विळा किंवा सुरी ठेवतात. दिवा रात्रभर तेवत ठेवतात, कारण सटवाई त्याच रात्री येऊन लिहिते. बाळ झोपेत हसले तर सटवाई त्याला हसवते, असे घरातल्या बायका सांगतात. बाळंतपणे परळच्या नौरोसजी वाडिया प्रसूतिगृहासारख्या (स्थापना १९२६) रुग्णालयांत होऊ लागल्यावर पूजेची वेळ घरच्या सोयीने ठरू लागली.

देवकुटुंबातील स्थान. ग्रंथांत एकवाक्यता नाही. महाभारताच्या वनपर्वात स्कंदाची, म्हणजे गणपतीचा भाऊ कार्तिकेय याची, पत्नी देवसेना हिलाच षष्ठी म्हटले आहे. काश्यपसंहितेत ती स्कंदाची बहीण ठरते. ब्रह्मवैवर्तपुराण व देवीभागवत यांत ती प्रकृतीचा सहावा अंश असून प्रियव्रत राजाचे मृत बालक तिने जिवंत केल्याची कथा आहे. वनपर्वाचे नाते धरले तर ती गणपतीची भावजय होते; पण लालबागच्या घरी गणपतीबरोबर गौर येते, सटवाई येत नाही. गौरीचे नातेही घरागणिक बदलते : कोणी तिला गणपतीची आई मानतात, कोणी बहीण.

महाराष्ट्रात कार्तिकेय ब्रह्मचारी मानला जातो आणि स्त्रियांनी त्याचे दर्शन एरवी घेऊ नये, फक्त कार्तिकी पौर्णिमेच्या कृत्तिकायोगावर घ्यावे, असा रूढ संकेत आहे. त्यामुळे बाळंतिणीच्या खोलीतली देवी त्याची पत्नी असल्याची जाण लोकव्यवहारात जवळपास नाही. दादरला लागून असलेल्या माटुंग्यातील तमिळ कुटुंबांचा मुरुगन, म्हणजे कार्तिकेयच, मात्र वल्ली व देवयानै (देवसेना) यांचा पती आहे. भाग्य सटवाई स्वतः लिहिते की ब्रह्मदेव लिहितो, याविषयीही दोन्ही समजुती चालतात.

लेकीची कथा. सटवाईविषयीचे सर्वांत महत्त्वाचे साहित्य म्हणजे तिच्या मुलीची कथा. इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांनी तिचे मराठी रूप १९५० मध्ये लंडनच्या ‘मॅन’ या मानवशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. रोज रात्री आई कुठे जाते, असे मुलगी विचारते. लोकांच्या कपाळी भाग्य लिहायला, असे कळल्यावर ती आपल्या कपाळी काय लिहिले आहे ते विचारते. तिचे लग्न तिच्याच मुलाशी होणार, असे उत्तर येते. ते टाळण्यासाठी मुलगी रानात जाऊन पुरुषाचे तोंड न पाहता राहते. एका राजाने चूळ भरलेले पाणी तिच्या पिण्यात येते आणि तिला दिवस राहतात. मूल होताच ती ते आपल्या वस्त्राच्या तुकड्यात गुंडाळून टाकून देते. दुसऱ्यांच्या घरी वाढलेला तो मुलगा पुढे तिलाच वरतो. त्या तुकड्यावरून तिला सारे कळते. पण लिहिलेले घडले हे ओळखून ती संसार करीत राहते.

या कथेची तुलना ग्रीक इडिपसच्या कथेशी होते. तिथे पित्याचा वध आणि अखेरीस आत्मदंड आहे. मराठी कथेत पिता मारला जात नाही आणि कथा मुलाच्या नव्हे, आईच्या बाजूने सांगितली जाते. लिहिणारी देवी लेकीची आई आहे, लेकीशी खोटे बोलत नाही, आणि तिच्यासाठीही अक्षर बदलत नाही. रक्ताच्या नात्याने ललाटलेखातून सूट मिळत नाही, हा या कथेचा गाभा आहे.

तुलना. उत्तर युरोपातील नॉर्स पुराणकथांत भाग्य ठरवणाऱ्या नॉर्न नावाच्या स्त्रियांपैकी उर्द, वेर्दांदी आणि स्कुल्द या तिघी प्रमुख होत. स्नोरी स्तुर्लुसन (११७९–१२४१) याच्या ग्रंथानुसार नॉर्न प्रत्येक जन्मलेल्या बाळाकडे येऊन त्याचे आयुष्य ठरवतात. वीर हेल्गीच्या जन्मरात्री त्या भाग्याचे धागे वळतात. तिथेही देव भाग्याच्या वर नाहीत. फ्रिग या देवमातेला सर्वांचे भाग्य माहीत असते, पण ती ते बोलत नाही. इजा न करण्याच्या शपथा तिने जवळपास सर्व वस्तूंकडून घेऊनही तिचा मुलगा बाल्डर आपल्याच आंधळ्या भावाच्या, होडरच्या हातून मरतो. सटवाई लेकीला सारे सांगते, फ्रिग मौन पाळते. अपत्य दोघींनाही वाचवता येत नाही.

जिवती. सटवाईप्रमाणेच बाळाला राखणारी, श्रावणात पुजली जाणारी देवता. तिचा छापील कागद दादर-गिरगावच्या बाजारात मिळतो.

अभ्यास. आर. ई. एन्थोव्हेन यांच्या कोकणविषयक लोकविद्येच्या टिपणांत (१९१५) शाळामास्तरांनी पाठवलेली माहिती आहे. तिच्यात विधी सविस्तर येतात, कथा त्रोटक. कर्वे यांच्या नोंदीने कथेला अभ्यासात स्थान मिळाले. गिरणगावातील (परळ-लालबाग परिसरातील) वृद्ध स्त्रियांच्या तोंडची रूपे चाळींच्या पुनर्विकासात घरे विखुरण्याआधी ध्वनिमुद्रित करणे निकडीचे आहे, कारण ही कथा पिढ्यान्‌पिढ्या बायकांनीच सांभाळली.