पायथन सुधारणा प्रस्ताव
पायथन या मुक्त संगणकभाषेत बदल सुचविण्याची, त्यांची छाननी करण्याची व निर्णय नोंदविण्याची लेखी पद्धती. ग्विडो व्हान रॉसम या डच संगणकतज्ज्ञाने १९९१ मध्ये ही भाषा प्रसृत केली. इंटरनेटच्या क्षेत्रात क्रमांकित टिपणांद्वारे चर्चा करण्याची प्रथा १९६९ पासून होती. पायथनमध्ये क्रमांकित प्रस्ताव २००० साली सुरू झाले. प्रस्तावात बदलाचे प्रयोजन, तांत्रिक तपशील, जुन्या आज्ञावलींवर होणारा परिणाम व विचारांती वगळलेले पर्याय द्यावे लागतात. फेटाळलेले प्रस्तावही कारणांसह जतन केले जातात. या पद्धतीचे खरे मोल त्यातच आहे, कारण तोच वाद नव्याने उकरून काढणाऱ्यास आधीचे उत्तर दाखविता येते.

मात्र छाननी सार्वजनिक असली, तरी अखेरचा शब्द रॉसम यांचाच असे. पदावलीच्या आतच चलास मूल्य देण्याची सोय सुचविणाऱ्या ५७२ क्रमांकाच्या प्रस्तावावर २०१८ मध्ये कडवट वाद झाला. रॉसम यांनी तो स्वीकारला. परंतु जुलैमध्ये त्यांनी निर्णयाधिकार सोडला आणि उत्तराधिकारी नेमण्यासही नकार दिला. त्यांच्यामागे निर्णय कोणी घ्यावा, याची तरतूदच नव्हती. मग कारभाराच्या पर्यायी योजनाही प्रस्तावांच्याच रूपाने मांडल्या गेल्या. डिसेंबरमधील मतदानात ८०१६ क्रमांकाची योजना निवडली गेली. तीनुसार पाच सदस्यांचे निर्वाचित मंडळ आले. एकाच मालकाकडे नोकरीस असलेले दोहोंपेक्षा अधिक सदस्य त्यात असू शकत नाहीत. २०१९ मधील पहिल्या मंडळात रॉसमही होते. वादग्रस्त सोय त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ३.८ या आवृत्तीत समाविष्ट झाली.