एगरचें ‘वृषभरक्त’

हंगेरीच्या ईशान्य भागांत एगर नांवाचें एक जुनें शहर आहे. तेथील लाल द्राक्षमद्याला हंगेरियन भाषेंत ‘बिकावेर’ म्हणतात. ‘बिका’ म्हणजे वळू व ‘वेर’ म्हणजे रक्त. पेयाला असें भयंकर नांव कां पडावें, असें विचारतांच एगरचा रहिवासी किल्ल्याकडे बोट दाखवितो आणि इ. स. १५५२ ची हकीकत सांगूं लागतो.

त्या वर्षीं सप्टेंबरांत अहमद पाशाच्या तुर्की फौजेनें एगरला वेढा दिला. जुने लेखक या फौजेचा आकडा लाखावर नेतात. आजचे इतिहासकार तो ४० हजारांच्या आंतच धरतात. उलट किल्ल्यांत डोबो इश्तवान या किल्लेदाराच्या हाताखालीं, शेतकरी व स्त्रिया धरून, दोन हजारांहून थोडींशींच अधिक माणसें होतीं. तटाला खिंडारें पडलीं, आंतील दारूचें कोठार उडालें (ही दारू तोफांची, पिण्याची नव्हे!), तरी किल्ला हातीं लागला नाहीं. सुमारें पांच आठवड्यांनीं, ऑक्टोबरांत, तुर्कांनीं वेढा उठविला.

येथवर इतिहास झाला. पुढें दंतकथा सुरू होते. ती अशी कीं, थकलेल्या शिपायांना डोबोनें तळघरांतील तांबडें मद्य पाजलें. तें त्यांच्या दाढ्यांवरून व चिलखतांवरून ओघळलें. हे लोक वळूचें रक्त पिऊन लढतात, असें वाटून तुर्कांचें धैर्य खचलें.

कथा मोठी गोड आहे; परंतु ती कालाच्या कसोटीस उतरत नाहीं. मद्य या अर्थीं ‘बिकावेर’ हा शब्द लेखनांत प्रथम आढळतो तो १८४६ सालच्या, गारॉय यानोश या कवीच्या कवितेंत. म्हणजे वेढ्यानंतर जवळजवळ तीनशें वर्षांनीं. आणि गंमत अशी कीं, त्या कवितेंतील मद्य एगरचें नसून दक्षिणेकडील सेक्सार्ड या कवीच्या जन्मगांवचें आहे!

याहून बळकट पुरावा मद्याच्या रंगांतच आहे. काळ्या द्राक्षांचाहि रस बहुधा पाण्यासारखाच निघतो. लाली असते ती सालींत. म्हणून लाल मद्य करावयाचें तर रस सालींसकट आंबवावा लागतो. ही रीत व तिला सोयीची ‘कादार्का’ ही काळ्या द्राक्षांची जात हंगेरींत पसरविली ती मुख्यतः बाल्कन प्रदेशांतून आलेल्या सर्ब लोकांनीं. हे लोक तुर्कांच्या स्वाऱ्यांपुढें हटत हटत उत्तरेकडे सरकले होते. वेढ्याच्या काळीं एगरच्या टेकड्यांवर होत असे तें प्रामुख्यानें पांढरें मद्य. तेव्हां ज्या मद्यानें तुर्कांना पळविलें म्हणतात, तें तुर्कांच्याच स्वाऱ्यांमुळें त्या देशीं आलें, असें म्हणण्याची पाळी येते. पुढें १५९६ त तुर्कांनीं एगर घेतलेंच, आणि तें १६८७ पर्यंत त्यांच्याकडे राहिलें. त्यांचा एक उंच मनोरा आजहि शहरांत उभा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फायलोक्सेरा या मुळें खाणाऱ्या किडीनें तेथील मळे उजाड केले. अमेरिकन वेलींच्या खुंटांवर कलमें बांधून ते पुन्हां उभे करण्यांत आले. परंतु नाजूक सालीच्या, उशिरां पिकणाऱ्या व लवकर कुजणाऱ्या कादार्काची जागा हळूहळू ‘केकफ्रांकोश’ या जातीनें घेतली. म्हणजे आजच्या बाटलींतील द्राक्षेंहि जुनीं नव्हेत. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी कारखान्यांतून हें मद्य अमाप निघूं लागलें, परदेशीं स्वस्तांत गेलें, आणि नांव राहून गुण गेला. १९८९ नंतर मळे खाजगी मालकांकडे आल्यावर कांहीं कसबी उत्पादकांनीं तें सावरलें. किमान तीन जातींच्या द्राक्षांचें मिश्रण असलेंच पाहिजे, असा आतां नियम आहे.

बिकावेर हें नांव लावण्याचा हक्क आज एगर व सेक्सार्ड या दोनच प्रदेशांना आहे. डोबोची कथा मात्र एगरवाले सेक्सार्डला देत नाहींत.