सपाट मुलखातला बर्फ

हिमनदी म्हटले की डोळ्यांपुढे पर्वत उभा राहतो. कॅनडाच्या उत्तरेकडील ‘बॅरन लँड्स’ हा मात्र वृक्षहीन, जवळपास सपाट मुलूख. मग तेथील कातळांवर हिमनदीचे ओरखडे कसे?

१८९३ साली भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याचे जोसेफ टिरेल, त्यांचे बंधू जेम्स आणि सहा वल्हेकरी डुबॉन्ट नदीने या प्रदेशात शिरले. हडसन उपसागराच्या किनाऱ्याने परतताना अन्न संपले, हिवाळ्याने गाठले. चर्चिलच्या ठाण्यावर ते कसेबसे जिवंत पोहोचले. (वल्हेकऱ्यांवाचून हे संशोधन झालेच नसते.)

त्या प्रवासातही टिरेल ओरखड्यांच्या दिशा टिपत होते. बर्फाच्या तळाशी रुतलेले दगड सरकताना कातळ ओरबाडतात. प्रत्येक ओरखडा म्हणजे बर्फाच्या वाटचालीची रेघ. पुढच्या वर्षीच्या नोंदी जोडल्यावर या रेघा उपसागराच्या पश्चिमेकडील सखल भूमीतून चहूकडे फाकताना दिसल्या. या हिमकेंद्राला त्यांनी ‘कीवाटिन’ म्हटले. म्हणजे बर्फाला पर्वत लागतोच असे नाही. पुरेसा जाड थर स्वतःच्याच भाराने बाहेर पसरतो.

१९५२ मध्ये खात्याची पथके हेलिकॉप्टरने तेथे उतरली. बर्फाखालच्या प्रवाहांनी रचलेले वाळू-गोट्यांचे लांबलचक बांध, म्हणजे एस्कर, नकाशावर चढले. टिरेल यांच्या केंद्राजागी आता एक लांबट पट्टा उमटला: अखेरच्या बर्फाचा दुभाजक. त्याच्यापासून एस्कर दोन्ही बाजूंना दूर जातात; खुद्द पट्ट्यावर ते जवळजवळ नाहीतच.